स्टेअरिंग फडफडतंय? आधी विचारा, कधी

इंदूरजवळचं राऊ मागे टाकून मानपूरच्या दिशेने निघालो होतो, निमाडातून टोमॅटो आणायला. मागे नुसते रिकामे क्रेट, म्हणजे गाडी मोकळीच. काटा सत्तरच्या जरा वर. पुलाचा सांधा आला, पुढची चाकं त्यावर आपटली आणि स्टेअरिंग असं काही फडफडायला लागलं की डॅशबोर्डवरचा गणपती उडून माझ्या पायाशी आला. मला वाटलं, चाकच निघालं. मग जे करायला नको नेमकं तेच मी केलं, ब्रेकवर उभा राहिलो. गाडी शेजारच्या लेनमध्ये सरकली. मागच्या ट्रकवाल्याने आधी हॉर्न वाजवला आणि पुढे जाताना माझ्या खानदानाचा उद्धार केला.

त्यानंतर दीड महिना मी पैसे घालत राहिलो. दोनदा बॅलन्सिंग, पुढचे दोन नवे टायर, मग दोन्ही शॉकअप. दरवेळी गाडी चार दिवस बरी वाटायची आणि पुन्हा तेच. शेवटी देवास नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. चहा खाली ठेवला आणि विचारलं, "भिया, पहले ये बता, हिलती कब है?"

दीड महिन्यात हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. नवी-जुनी पिकअप घेऊन नुकतेच धंद्यात पडलेल्या आणि गाडीखाली कधी न वाकलेल्या माणसासाठी हे लिहितोय. मिस्त्री होण्यासाठी नाही, मिस्त्रीकडे जाताना रिकाम्या डोक्याने जाऊ नये म्हणून.

चालत्या गाडीत फडफड सुरू झाली तर

हे आधी, कारण बाकी सगळं घरी बसून करता येतं.

स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण अंगठे आतल्या दांड्यांत अडकवू नका. झटका मोठा असला तर अंगठा मुरगळतो, मोडूही शकतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला आणि गाडीला आपोआप मंदावू द्या. ब्रेक लावायचाच झाला तर अगदी हलका. जोरात ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं आणि आधीच नाचणाऱ्या चाकांना आणखी चेव चढतो. वेग वाढवून "पार करून टाकू" हा विचार तर मनातही आणू नका. साधारण चाळीसच्या खाली आलं की बहुतेक वेळा फडफड आपोआप थांबते. इंडिकेटर देऊन कडेला घ्या, खाली उतरा, चारही चाकांचे नट हाताने चाचपा, टायरला फुगवटा आहे का बघा. नट ढिले असतील तर पान्याने आवळल्याशिवाय गाडी हलवायची नाही. फुगवटा असेल तर तिथेच स्टेपनी चढवा.

दोन्ही नसेल तर हळूहळू घरी या. "थांबलं ना, मग चला" म्हणत पुढे खलघाटापर्यंत जाऊ नका. मी गेलो होतो. घाटात उतरताना जीव मुठीत होता.

पहिली पायरी: कधी, कुठे, किती

वही घ्या. खरंच घ्या, मोबाईल नको, कारण मिस्त्रीला वही दाखवली की तो तुम्हाला जरा गंभीरपणे घेतो. तीन गोष्टी लिहायच्या.

पहिली, वेग. २० ते ४० मध्ये स्टेअरिंग डावी-उजवी डुलतं, जणू चाक अंडाकृती आहे, तर संशय टायरच्या फुगवट्यावर, वाकलेल्या रिमवर किंवा ढिल्या नटांवर. साठ-सत्तरला सुरू होतं, ऐंशी-नव्वदला जास्त होतं, त्यापुढे थोडं कमी होतं आणि रस्ता गुळगुळीत असला तरी होतंच, तर ते चाकांच्या बॅलन्सचं लक्षण. फक्त ब्रेक दाबल्यावर होतं, तर डिस्क किंवा ड्रम. आणि माझ्यासारखं, गाडी नीट चाललेली असते, एका खड्ड्यावर किंवा सांध्यावर आपटते, फडफड एकदम सुरू होते आणि वेग खाली आणेपर्यंत थांबतच नाही, तर पुढच्या भागात कुठेतरी काहीतरी ढिलं झालेलं आहे. हे चार आजार वेगळे आहेत. यांना एकच औषध देणारा मिस्त्री भेटला तर चहा पिऊन निघून या.

दुसरी, जागा. हादरा हातात येतो की बैठकीत? पुढच्या चाकांचं दुखणं हातात येतं. मागच्या चाकांचं आणि प्रॉपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचं, सीटखाली आणि पाठीत. ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतं आणि सोडल्यावर कमी होतं, तर बहुधा शाफ्टचा क्रॉस जॉइंट किंवा मधला बेअरिंग. तो वेगळा विषय, या लेखात तिकडे वळत नाही.

तिसरी, हादऱ्याची लय. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण उपयोगी आहे. २१५/७५ आर १५ मापाचा टायर घ्या. त्याचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत तो २.२ मीटर जातो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला १० वेळा फिरतं. स्टेअरिंगचा हादरा त्याच लयीत असेल, वेगाबरोबर वाढत-घटत असेल, तर दुखणं चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे: टायर, रिम, हब (ज्यावर रिम बसते तो भाग), डिस्क. प्रॉपेलर शाफ्ट डिफरेन्शियलच्या गुणोत्तरामुळे चाकापेक्षा सुमारे चौपट फिरतो, म्हणून त्याचा हादरा मोजता येत नाही, तो गुणगुणतो. आणि हादरा वेगाशी बांधलेला नसेल, एकदा सुरू झाला की वेग बदलला तरी आपल्याच तालात चालत राहत असेल, तर तो फडफडीचा.

आणखी एक ओळ वहीत हवीच: हे सुरू होण्याच्या आधी गाडीवर कोणतं काम झालं? पंक्चर, टायरची अदलाबदल, ब्रेक शू, पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग). निम्म्या वेळा उत्तर इथेच सापडतं. रस्त्याकडेला पंक्चर काढून चाक चढवताना हब आणि रिमच्या मध्ये मातीचा खडा राहिला, नट एकाच बाजूने आवळले, तर चाक तिरकं बसतं आणि दुसऱ्याच दिवशी मालक म्हणतो, गाडीला काय झालं कोण जाणे.

चाचणी कुठे करायची? भर दुपारी बायपासवर नाही. सकाळी लवकर, मोकळा आणि सपाट रस्ता मिळेल तिथे, शेजारी एक माणूस बसवून, जो काटा वाचेल आणि लिहील. फडफडीचा संशय असेल तर मुद्दाम सांध्यावर वेगाने नेऊन "बघू होतं का" हा प्रयोग करू नका. झालं एवढं पुरे. पिथमपूरजवळ नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, गाड्यांची असली परीक्षा घ्यायलाच बांधलेला. आपल्याला तिथे कोण घेणार.

दुसरी पायरी: अंगणात, फुकटात

माळव्यात राहणाऱ्याने सगळ्यात आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून बघावं. आपली काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हात विटेसारखी होते. शेतात माल भरायला गाडी आत घातली की रिमच्या आत ती थापली जाते, बाहेरून काहीच दिसत नाही. बांधकामाचा माल वाहणाऱ्यांच्या रिममध्ये सिमेंटही सापडतं.

एवढ्याशा मातीने काय होतं, असं वाटतं ना? हिशेब करू. रिमच्या कडेला ५० ग्रॅम जास्तीचं वजन असेल, तर वर सांगितलेल्या चाकात ८० च्या वेगाला ते जवळजवळ ४ किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, सेकंदाला १० वेळा, दर फेरीत दिशा बदलून. वेग ४० केला तर हाच जोर एक किलोवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून गावात गाडी शहाणी आणि एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेवर, वेडी. पाण्याचा जोरदार फवारा, ब्रश, पाच मिनिटं. बॅलन्सिंगला जाण्यापूर्वी हे करायचंच, नाहीतर मशीन मातीला बॅलन्स करतं आणि माती पडली की पुन्हा बोंब.

मग नट. चाक जमिनीवर टेकलेलं असताना, समोरासमोरच्या जोड्यांनी, मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने. पान्याला पाइप लावून त्यावर उडी मारणं हा आपल्याकडचा लोकप्रिय प्रकार आहे. त्याने स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते बोल्ट, ताणले जातात आणि डिस्क विनाकारण दबते. स्टडवर ऑइलही नको, मॅन्युअल सांगत नसेल तर. ऑइल लागलं की तोच पाना आत बराच जास्त ताण पोहोचवतो. नटच्या भोवती रिमवर गंजाच्या बारीक रेषा पसरलेल्या दिसल्या तर तो नट बरेच दिवस हलत होता असं समजा, आणि छिद्र लांबट झालं आहे का ते चाक काढून बघा. झालं असेल तर ती रिम भंगारात.

टायर बघताना नुसता गोटा, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग, किती उरला ते बघू नका. तळहात पूर्ण घेरावरून फिरवा. तार निघालेली असू शकते, म्हणून जाड हातमोजा घालून. कुठे उंचवटा लागला, कुठे एखाद्या भागाची झीज वेगळी वाटली, तर आतले पदर सुटायला लागले आहेत. असा टायर पुढे तर नकोच, मागेही नको. बाजूच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी हे चारही चाकांवर आणि स्टेपनीवर वाचावं. बरेचदा पुढे दोन वेगवेगळ्या जन्माचे, वेगवेगळ्या कंपनीचे टायर निघतात. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन असा संसार तर एका ॲक्सलवर चालतच नाही. रिमोल्ड टायर मी पुढे घालत नाही. मागे घालणारे घालतात, त्यांच्याशी भांडत नाही.

हवा गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे. पिकअपच्या मालवाहू टायरांना कारपेक्षा बरीच जास्त हवा लागते आणि पुढची-मागची वेगळी असते. पंपावरचा पोरगा चारही चाकांत एकच आकडा भरतो, त्याला थांबवा.

रात्रभर भरलेली गाडी उभी होती आणि सकाळी पहिले काही किलोमीटर थरथर, मग गायब, तर टायर टेकलेल्या जागी चपटा झाला होता. गरम झाला की सुटतो. त्याच्यामागे लागू नका.

तिसरी पायरी: गाडीखाली वाकून बघा

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. पुढच्या चाकांच्या मध्ये बघा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच अखंड लोखंडी दांडा आहे आणि त्याला पाटे लावलेले आहेत? मग तुमची गाडी अखंड ॲक्सलची. प्रत्येक चाकाला आपापले वर-खाली आर्म आहेत? मग स्वतंत्र सस्पेन्शनची. दोन्ही प्रकारच्या पिकअप आपल्या रस्त्यावर धावतात आणि एकाच नावाच्या गाडीतही वर्षाप्रमाणे फरक असू शकतो, म्हणून कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः बघा.

खरी, हात सोडवणारी फडफड ही मुख्यतः अखंड ॲक्सलची. दोन्ही चाकं ॲक्सलने आणि टाय रॉडने, म्हणजे दोघांना बरोबर वळवणाऱ्या आडव्या दांड्याने, एकमेकांना बांधलेली. एक चाक सांध्यावर आपटून किंचित वळलं की टाय रॉड दुसऱ्यालाही वळवतो. टायर रबराचा आहे, तो स्प्रिंगसारखा परत ढकलतो. सगळे सांधे घट्ट असतील तर एक-दोन झोक्यांत हे विरून जातं. किंगपिनचे (ज्या उभ्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती) बुश झिजलेले, टाय रॉडचा बॉल सैल, पाट्यांचे बुश खाल्लेले असतील तर चाक परत येताना मधल्या रेषेच्या पुढे निघून जातं, तिथून पुन्हा उलटं. आणि प्रत्येक झोक्याला जोर पुरवते ती गाडीची स्वतःचीच धाव. बाहेरून कोणी धक्का देत नाही. म्हणून ती रस्ता गुळगुळीत झाला तरी थांबत नाही, फक्त वेग गेला की थांबते. नवे टायर टाकले की झोका सुरू व्हायला जरा मोठा धक्का लागतो, एवढंच. माझे चार-चार बरे दिवस ते हेच होते.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत अशी फडफड क्वचित. तिथे जोरदार हादरा असेल तर टायर, रिम, ब्रेक, बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाला जोडणारा गोळ्याचा सांधा) या क्रमाने जा.

चौथी पायरी: जॅक

सपाट, कडक जमीन. मातीवर लावायचाच झाला तर जॅकखाली जाड फळी, कारण पावसाळ्यानंतर काळी माती वरून सुकलेली आणि आतून लोणी असते. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. उचलल्यावर ॲक्सलखाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. विटा नाही, स्टेपनी नाही. घोडी. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर जॅक त्या आर्मखाली, ज्यावर स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा भार येतो, चाकाच्या जितकं जवळ तितकं बरं. नाहीतर बॉल जॉइंटवर ताण राहतो आणि सैलपणा लपतो.

आता चाक घड्याळासारखं धरा. एक हात बारावर, एक सहावर. वरचा ओढा, खालचा ढकला, मग उलट. कट्‌कट्‌ लागली तर दोनच संशयित: चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिन (स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत त्याच्या जागी बॉल जॉइंट). कोण ते ओळखायची युक्ती सोपी आहे आणि मला ती म्हाताऱ्याने शिकवली. आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकने चाक नकलशी, म्हणजे किंगपिनवर वळणाऱ्या भागाशी, जखडलं जातं, त्यामुळे बेअरिंगचा सैलपणा नाहीसा होतो. ब्रेक दाबल्यावरही कट्‌कट्‌ राहिली तर ती किंगपिनची. माझ्या गाडीत डाव्या बाजूला राहिली. म्हातारा नुसता हसला.

मग हात नऊ आणि तीनवर. इथे हललं तर टाय रॉडचे टोकाचे बॉल किंवा बेअरिंग. पुन्हा ब्रेकची तीच युक्ती.

चाक हाताने जोरात फिरवा. दुसरा हात पाट्यावर किंवा स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर कानापेक्षा हाताला आधी कळतं, खरखर लागते. फिरत असतानाच रिमच्या कडेजवळ खडूचा तुकडा किंवा स्क्रूड्रायव्हर टेकू न देता स्थिर धरा, कोपर कशावर तरी टेकवून. रिमची कड त्याच्या जवळ-लांब होताना डोळ्याला स्पष्ट दिसली तर रिम वाकलेली आहे. तेच टायरच्या गोट्यावर करून बघा, उंचवटा असेल तर उघडा पडेल. आपल्या खड्ड्यांच्या कृपेने वाकलेली रिम ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, पण बॅलन्सिंगवाला ती वजनं चिकटवून झाकतो. एका रिमवर वजनांची रांगच लागलेली दिसली तर तिथे संशय घ्या.

पाचवी पायरी: वजनावर ठेवून सांधे

जॅकवर न सापडलेलं पुष्कळ काही इथे सापडतं, कारण आता सांध्यांवर खरा भार आहे.

गाडी जमिनीवर, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. एकाने आत बसून स्टेअरिंग डावी-उजवी थोडंथोडं, वेताने हलवायचं. चाकं जेमतेम वळतील इतकंच. दुसऱ्याने बघायचं, आणि बघणारा तुम्हीच असा. स्टेअरिंग बॉक्सपासून सुरुवात करा आणि जोर जसा पुढे जातो तसे डोळे न्या: बॉक्स चेसिसवर हलतोय का, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा छोटा दांडा), ड्रॅग लिंक (तिथून चाकाकडे जाणारा दांडा), मग टाय रॉडची दोन्ही टोकं. बॉलचा एक भाग आधी हलतो आणि दुसरा उशिरा, तर तो गेला. बोटं सांध्याच्या फटीत घालू नका, वरून हलकी टेकवा. कट्‌ असा झटका त्वचेला कळतो.

नंतर पाटे. यू बोल्ट आवळलेले आहेत का, मधला सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल पाट्यावर सरकला आहे का, ते बघा. सरकला असेल तर पाट्यावर ताजी घासलेली चकचकीत पट्टी दिसते. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) बुश पहारीने हलकेच ढकलून बघा. माझ्याकडे किंगपिनच्या जोडीला हेही गेले होते, रबराची नुसती साल उरली होती.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर एक. जास्त माल नेता यावा म्हणून मागे एक-दोन पाटे जास्तीचे टाकायची आपल्याकडे रीत आहे. मोकळ्या गाडीची मागची बाजू त्याने उचलली जाते, पुढचा ॲक्सल थोडा पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ज्याच्यामुळे सोडलेलं स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. उलट, मागे मणामणाने जास्त भरलं की मागची बाजू बसते आणि कॅस्टर वाढतो. अखंड ॲक्सलच्या गाडीत तो फार वाढला तर फडफडीला निमंत्रणच. म्हणून गाडी फक्त भरलेली असताना फडफडते की फक्त मोकळी, हेही वहीत लिहा. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचरीसारखी पट्टी टाकून हा कोन दुरुस्त करता येतो, पण मापून. "अंदाजे टाकून देतो" म्हणणाऱ्याला अंदाजेच पैसे द्यावेत.

ब्रेक

थोडक्यात. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून हलका, एकसारखा ब्रेक. हादरा हातात आला तर पुढची डिस्क, बैठकीत आला तर बहुधा मागचे ड्रम. "डिस्क वाकली" असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकणारी पिन गंजून अडकली तर पॅड सतत घासत राहतो, डिस्क तापते आणि हेच होतं. ओळखायचं असं: थोडं चालवून थांबा आणि चाकांजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एका बाजूची धग जास्त जाणवली तर तिथे पिन बघा. नुसती डिस्क घासून आणली आणि पिन तशीच ठेवली तर दोन महिन्यांनी पुन्हा तेच गॅरेज.

चाकांची अदलाबदल, म्हणजे फुकटचा एक्स-रे

पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे. मागे जोडचाकं नसतील आणि चारही मापं सारखी असतील तरच. हवा नव्या जागेप्रमाणे पुन्हा भरायची. आता चालवून बघा. हातातला हादरा बैठकीत गेला, तर दुखणं टायर-रिममध्ये आहे, आता निःशंक बॅलन्सिंगला जा, आणि तिथे समोर उभं राहून मशीनवर फिरणारी रिम डोळ्याने बघा. हादरा होता तिथेच राहिला, तर टायरवर एक रुपया घालू नका. मी हे पहिल्या आठवड्यात केलं असतं तर दोन टायरांचे पैसे वाचले असते.

गॅरेजमध्ये काय बोलायचं, काय होऊ द्यायचं नाही

"हिलती है, देख लो" असं म्हणायचं नाही. "७० ला, मोकळी असताना, सांध्यावर आपटल्यावर सुरू होते, ४० ला थांबते, बारा-सहावर डावीकडे प्ले आहे, ब्रेक दाबूनही जात नाही" असं म्हणायचं. वाक्य हिंदीत म्हणा, मराठीत म्हणा, इंदुरात दोन्ही चालतं. समोरच्याचा चेहरा बदलतो.

तीन गोष्टींना नाही म्हणा. एक, सैलपणा न शोधता स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून देणं. स्टेअरिंग जड होतं, घट्ट वाटतं, मालक खूश होतो. पण ते मधोमध अडकायला लागतं, वळणावरून परत येत नाही आणि आतले दात झिजतात. दुसरी, स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप. तो वाईट नाही, कंपनीने दिलेला असेल आणि त्यातलं ऑइल गळलं असेल तर बदलायलाच हवा. पण ढिल्या किंगपिनवर नवा डॅम्पर म्हणजे दुखऱ्या दाढेवर लवंग. काही दिवस शांत, मग डॅम्परही जातो. तिसरी, सैल सांधे तसेच ठेवून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. हलणाऱ्या वस्तूचं माप घेऊन उपयोग काय? आधी सांधे, मग बॅलन्सिंग, सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. आणि अलाइनमेंटचा कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला.

किंगपिन बदलायचा तर दोन्ही बाजूंचा, बुशसकट, आणि बुश बसवल्यावर रीमरने घासून मापात आणायला सांगा. नुसते ठोकून बसवले की चाक एक तर जाम वळतं, नाहीतर महिन्यात पुन्हा सैल. ग्रीसचं निपल बंद असेल तर बदला. ग्रीस मारताना पुढची बाजू जॅकवर उचलून मारली तर ते भार येणाऱ्या बाजूलाही पोहोचतं. गाडी टेकलेली असताना मारलेलं ग्रीस बरंचसं सोप्या वाटेने बाहेर येतं आणि आपण समजतो, भरलं.

काम झाल्यावर गाडी घेऊन सरळ हायवेला लागू नका. आधी गल्लीत, मग ४० ला, मग ५० ला, दर टप्प्याला एक-दोन किलोमीटर, वहीत पहिल्या दिवशी लिहिलेल्या वेगापर्यंत. चाकं काढली होती म्हणून ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. मी तो पाना सीटमागे ठेवूनच त्या पुलावर गेलो, मोकळीच गाडी घेऊन, सत्तरच्या जरा खाली. सांधा आला, धप्प झालं. स्टेअरिंगने एक हिसका दिला आणि गप्प बसलं. गणपती आता दोन बाजूंच्या टेपने चिकटवलेला आहे, तरी हात त्याच्याकडे गेलाच.